मावशीची सात शहाणी बदकं

माझ्या आईचा आवाज आणि माझ्या मावशीचे कान यांचं लहानपणापासून वाकडं. दोघी सख्ख्या बहिणी, एका घरात वाढल्या, एका पलंगावर झोपल्या, पण देवानं वाटणी करताना घोळ घातला आणि दोघींचा मिळून सगळा आवाज आईला देऊन टाकला. मावशी थोरली. तिच्या वाट्याला शांतता आली, आणि ती तिनं जन्मभर कुलपात ठेवल्यासारखी सांभाळली.

आई बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायची. तिथला माइक बहुतेक वेळा बंद असे, आणि सुरू असला की नुसता खरखरत असे. मग आई काचेची खिडकी सरकवायची, तोंड बाहेर काढायची आणि सगळ्या फलाटांना पुरेल अशा आवाजात गाडी, वेळ आणि फलाट सांगून मोकळी व्हायची. तिच्या निरोप समारंभात साहेब म्हणाले की, ऐकू आलं नाही म्हणून बाईंच्या काळात कुणाची गाडी चुकली नाही. घरीही तिची तीच पद्धत. "चहा तयार आहे. ज्यांना घ्यायचा असेल त्यांनी स्वयंपाकघरात यावं." घरात आम्ही दोघीच असलो तरी हेच, आणि मी तेव्हा तिच्या शेजारीच उभी असायचे.

मावशी ग्रंथालयात होती. वाचनकक्षाच्या कोपऱ्यातलं टेबल तिचं. पंख्याची कुरकुर सहन होत नाही म्हणून ती ऐन उन्हाळ्यात पंखा बंद ठेवायची आणि लोक घाम पुसत वाचायचे, पण तेही रुमालाचा आवाज न करता. पोरं तिला शूबाई म्हणायची, अर्थात हळू. तिनं लग्न केलं नाही. एक स्थळ आलं होतं, माणूसही चांगला होता, पण तो चहा फुर्र करून प्यायला आणि विषय तिथेच संपला. गावाच्या कडेला तिचं बैठं घर आहे. पुढे दोन खोल्या, मागे एक सुटी खोली, त्यामागे मोठं परस आणि परसात एक उथळ तळं.

त्या मागच्या खोलीचा इतिहास सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझे वडील गेले तेव्हा आई तिथे राहायला गेली होती. दुःखातसुद्धा तिचा आवाज काही खाली आला नव्हता. आठवडा होत नाही तोच मावशी कानातले बोळे काढून म्हणाली, "या घरात एक तर तू राहशील, नाही तर मी." आई म्हणाली, "तू पाया पडलीस तरी या खोलीत पुन्हा पाऊल ठेवणार नाही." आणि बोचकं उचलून ती त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला भाड्यानं राहायला गेली. त्यानंतर दोघी रोज भेटायच्या, एकमेकींना भाजी द्यायच्या, ताप आला तर डोक्याशी बसायच्या. पण खोलीचा विषय दोघींनी काढला नाही. शब्द मागे घेणं ही गोष्ट आमच्या घराण्यात कुणाला शिकवलेलीच नाही.

मावशी निवृत्त झाली आणि तिच्या पालकाच्या वाफ्यावर गोगलगायी तुटून पडल्या. तिनं सवयीप्रमाणे पुस्तक काढलं. बदकं गोगलगायी खातात, असं त्यात लिहिलं होतं. शिवाय बदक हा शांत स्वभावाचा पक्षी आहे, असंही लिहिलं होतं, आणि मावशीला खरं तर हेच वाक्य भावलं. ज्यानं ते लिहिलं त्यानं बदक फक्त चित्रात पाहिलं असणार. मावशीनं बारा पिल्लं आणली, पिवळी, कापसाच्या बोळ्यांसारखी, पुठ्ठ्याच्या खोक्यातून.

बघता बघता तिनं परसाचं ग्रंथालय केलं. खुराडं सकाळी नऊला उघडायचं, संध्याकाळी पाचला बंद. नऊच्या आत सोडायचं नाही, कारण बदक पहाटे अंडं घालतं, आणि मोकळं असलं तर ते कुठेही, चिखलात, झुडपात, अगदी पोहता पोहता तळ्यातसुद्धा अंडं टाकून चालायला लागतं. नऊनंतर मात्र कुंपणाच्या आत सगळं रान त्यांचं. हवं तिथे फिरा, हवं ते उकरा, हव्या तेवढ्या गोगलगायी खा. पाचला मावशी दोन्ही हात पसरून मागून चालायला लागली की सगळी एका ओळीत आत जायची. रेंगाळणाऱ्याकडे ती चष्म्यावरून बघायची, आणि त्या बघण्यानं भल्याभल्यांनी पुस्तकं परत केली होती, बदकाची काय कथा!

दोन-अडीच महिन्यांत पिसं पांढरीशुभ्र झाली आणि एके दिवशी आवाज फुटले. बारांपैकी पाच जणी अशा काही ओरडायला लागल्या की पलीकडच्या शिंप्यानं मशीन थांबवून चौकशी केली. क्वॅक म्हणजे कसलं क्वॅक! सकाळ झाली म्हणून क्वॅक, पाणी दिसलं म्हणून क्वॅक, दुसरी ओरडली म्हणून क्वॅक. उरलेली सात मात्र घसा बसल्यासारखी, कुजबुजल्यासारखी, नुसती खसखसत होती. मावशीनं दोन दिवस निरीक्षण केलं आणि निकाल दिला.

"ही सात शहाणी आहेत. त्या पाच बिघडलेल्या."

पाचही जणी टोपलीत बसून आईकडे रवाना झाल्या. सोबत निरोप होता, "तुझ्या वळणावर गेल्यात, तूच सांभाळ." आईनं त्या हौसेनं ठेवून घेतल्या. तिच्या दोन खोल्यांमागे नाला होता आणि नाल्याकाठी मोकळी जागा. त्या दिवसापासून आई आणि पाच बदकं मिळून असा गलका सुरू झाला की वरच्या मजल्यावरचा घरमालक दिवसाही खिडक्या लावून बसू लागला.

इकडे मावशी खूश. तिची सात शहाणी बदकं अंग घुसळत, माना वळवत, एकमेकांशी हळू आवाजात बोलत परसभर फिरायची. पुढे त्यांच्या शेपटीवर पिसांचा छान गोल आकडा आला. मावशीनं मला मुद्दाम बोलावून दाखवला. "बघ, नीटनेटकी राहिली की पिसांनासुद्धा वळण लागतं." मी चष्म्याच्या दुकानात बसते. लोकांना नीट दिसावं हा माझा धंदा. मी ते सातही आकडे डोळे भरून पाहिले आणि म्हणाले, "किती गोड!"

आणि मग आईच्या घरमालकानं निरोप दिला. त्याला घर पाडून नवं बांधायचं होतं. महिनाअखेर खोल्या रिकाम्या करायच्या. आई जाणार कुठे? माझ्याकडे दोन खोल्यांत सासू-सासरे, दोन मुलं आणि आम्ही, रात्री पाय लांब करायचा तर आधी विचारावं लागतं. भाड्याच्या खोलीसाठी आई चार दारं फिरून आली, पण ती बोलायला लागली की समोरच्याची जागा अचानक दिलेली निघायची. एकच जागा उरली, माझ्या वडिलांची चुलत बहीण. दूरच्या गावी एकटी असते, बाई मनानं फार चांगली, "कधीही ये" म्हणाली. पण तिला अजिबात ऐकू येत नाही.

"वन्सं चांगल्या आहेत गं," आई मला म्हणाली. "पण मी बोलायचं कुणाशी?" हे ती इतक्या हळू म्हणाली की मला आधी वाटलं, दुसरंच कुणीतरी बोललं. मला रडूच आलं.

मी तडक मावशीकडे गेले. ती बदकांसाठी पालक चिरत होती. मी सगळं सांगितलं, मागच्या खोलीकडे दोन-तीनदा बघूनही घेतलं. मावशी चिरत राहिली. मला असा राग आला! म्हटलं, हिच्या छातीत काळीज आहे की पुस्तक परत करायची तारीख?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई तिथे आली. मी होतेच. बदकं आत घालून झाली होती. मावशीनं खुराड्याची कडी लावली आणि आमच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "या महिन्यात माझी बदकं अंडी घालणार."

"घालतील की," आई म्हणाली. "बदकंच ती."

"तुला नाही वाटत?"

"मी कुठे नाही म्हटलं?"

"तुझ्या तोंडावर दिसतंय. तुला वाटतंय, गप्प बसणाऱ्यांच्या हातून काही होत नाही."

आता हे आईला कुठून सहन होणार? तिचा आवाज चढला. "नाहीच होत! माझ्या पाच जणी बघ कशा खणखणीत आहेत. तुझी सात म्हणजे नुसती वाचत बसल्यासारखी!"

"मग लाव पैज," मावशी म्हणाली.

मी बघतच राहिले. मावशी आणि पैज! जी बाई आमच्याशी पत्ते खेळायची नाही, कारण त्यात कुणीतरी 'हुर्रे' म्हणतं. पण तिनं अटी अशा सांगितल्या की जणू पाठच केल्या होत्या. महिना संपेपर्यंत तिच्या खुराड्यात एकही अंडं आलं नाही, तर मागची खोली आईची, कायमची, आणि कुणी कुणाच्या पाया पडायचं नाही. एक जरी अंडं आलं, तर खोलीचा विषय जन्मात काढायचा नाही.

"कबूल!" आई एवढ्यानं ओरडली की खुराड्यातली सातही जणं चपापली.

घरी जाताना मी आईला फाडफाड बोलले. सात बदकं आणि एक महिना, एक अंडं कुठं अवघड आहे? मावशीनं सरळ नाही म्हणायचं तेवढं टाळलंय. आई चालता चालता नाल्याकडे बघत राहिली.

महिना सुरू झाला आणि अंड्याची वाट बघायला सगळा रस्ता लागला. पोस्टमन विचारायचा, शिंपी विचारायचा, दूध घालणारी बाई फाटकातूनच मान हलवून विचारायची. मी दुकानात जाताना मावशीच्या कुंपणावरून डोकावायचे. रोज सकाळी ती गुडघे टेकून खुराड्यात अर्धी आत शिरलेली असायची. पेंढ्याचा कोपरा न् कोपरा चाचपायची, हाताला काही लागायचं नाही, आणि मग ती मोठा सुस्कारा टाकायची.  आईचं भलं व्हावं म्हणून अंडं येऊ नये, आणि मावशीचा सुस्कारा थांबावा म्हणून एक तरी यावं, अशी माझी रोज ओढाताण.

मधल्या आठवड्यात आईच्या बदकांनी अंडी घालायला सुरुवात केली. पाच जणी, रोज चार-पाच अंडी, आणि घातलं की गावाला सांगणार. आई पातेलं घेऊन पेंढ्यात बसली होती तेव्हा तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. पाचांपैकी एकीच्याही शेपटीला आकडा नव्हता. ती तशीच उठून मावशीच्या कुंपणाशी गेली, सात शेपट्या बघितल्या, सात आकडे मोजले आणि माझ्या दुकानात आली. समोर एक गिऱ्हाईक भिंतीवरची अक्षरं वाचत होतं.

"सगळे बाप्ये आहेत!" आईनं घोषणा केली.

गिऱ्हाइकानं घाबरून चष्मा काढला.

आईला हसू आवरेना. गप्प ती शहाणी, ओरडणारी ती बिघडलेली, असं म्हणत मावशीनं एकेक मादी वेचून घराबाहेर काढली होती आणि सात नरांसमोर ती आता अंड्याची वाट बघत बसली होती. बदकांत बायकाच ओरडतात आणि पुरुषांचा घसा बसलेला असतो, हे आम्हा दोघींना त्या दिवशी कळलं. आईच्या मते यात नवल काहीच नव्हतं. म्हणजे पैज जिंकल्यातच जमा होती. आईनं फक्त महिना संपायची वाट बघायची, आणि खोली तिची.

मी त्या रात्री निवांत झोपले. चूक माझीच, आईला मी ओळखायला हवं होतं.

चार दिवसांनी, सकाळी सकाळी, मावशी आईच्या दारात उभी राहिली. मी आईला पिशव्या द्यायला आले होते. मावशीच्या तळहातावर एक अंडं होतं. ती अंड्याकडे बघत होती, आमच्याकडे बघत होती, पुन्हा अंड्याकडे बघत होती. आनंदानं माणूस एवढा पांढरा पडतो हे मी पहिल्यांदाच बघितलं.

"आलं," ती म्हणाली.

"अगंबाई! आलं का? अभिनंदन हो ताई!" आई म्हणाली. ती खोटं बोलायला लागली की आणखी मोठ्यानं बोलते.

मावशी गेल्यावर मी दार लावलं. "तू ठेवलंस?"

"मग काय करू?" आई म्हणाली. "रोज बघते गं मी. ती गुडघ्यावर बसते, तिचे गुडघे आधीच दुखतात. पेंढा चाचपते आणि त्या बाप्यांना म्हणते, 'असू दे, घाई नाही.' कसा सुस्कारा टाकते ऐकलास का? जन्मात कधी कुणाजवळ काही मागितलं नाही तिनं. एक अंडं मागतेय. सगळा रस्ता तिला हसायला टपलाय."

"आणि तुझी खोली?"

"वन्सं चांगल्या आहेत," आई म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

मी खूप चिडले. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा, आणि तो धोंडाही रोज पहाटे उचलून न्यायचा! कारण आता एकावर भागणार नव्हतं. एकदा घातलं म्हणजे रोज घालायला हवं, नाहीतर संशय येणार. आई रोज उजाडायच्या आत उठून अंडं घेऊन निघू लागली. त्यात मावशी एकदा माझ्यासमोर, जणू स्वतःशीच म्हणाली, "ताजं अंडं एवढं गार कसं? आणि एवढं स्वच्छ?" आई अंडी धुऊन ठेवायची ना! मी हे आईला सांगितलं, आणि सांगायलाच नको होतं. दुसऱ्या दिवशीपासून अंड्यांना चिखल लागला. एकाला तर तिनं कणकेच्या खळीनं पीस चिकटवलं. ऊब यावी म्हणून एक पोलक्यात ठेवलं, ते फुटलं. शेवटी तिनं रुंद तोंडाचा जुना थर्मास काढला. त्यात कोमट पाणी, पाण्यात अंडं.

एकदा रस्त्यात कुत्रं बसतं म्हणून तिनं मला सोबत नेलं. मी खूप माणसं पाहिली, पण गुपचूप जाणारी माझी आई हा प्रकार निराळाच. फाटकाची कडी खण्णकन वाजली. "अगंबाई," आई म्हणाली. मग कडीला म्हणाली, "शूः." चपला हातात घेतल्या, त्यातली एक बादलीत पडली. खुराड्याचं दार उघडल्याबरोबर सात घसे खसखसायला लागले. आई कुजबुजली, आणि तिची कुजबुज म्हणजे कशी, तर समोरच्या फलाटापर्यंत जाईल अशी, "गप्प बसा रे, मी आहे!" मी तिला ओढत बाहेर काढलं. मागे वळून बघितलं तर मावशीच्या खिडकीचा पडदा हलला. मी म्हटलं, वारा असेल.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. आईचं सामान बांधून झालं होतं, दुपारची गाडी होती. मावशीनं निरोप पाठवला, "जायच्या आधी दोघी नाश्त्याला या. माझ्या बदकांच्या अंड्यांचं आम्लेट करते." हे मला फार लागलं. जाणाऱ्या माणसाला त्याच्याच हरण्याचं आम्लेट खायला घालायचं! मी जाणार नव्हते, आईनं ओढून नेलं.

मावशीच्या स्वयंपाकघरात तवा तापत होता. कांदा बारीक चिरून ठेवला होता, पाव शेकून झाकले होते. टेबलावर त्या पहाटे 'घातलेलं' अंडं होतं, मोठं, पांढरं, बेताचा चिखल लागलेलं. मावशीनं ते वाडग्याच्या कडेवर आपटलं. फुटेना. पुन्हा आपटलं. टक्क असा आवाज आला आणि टरफलाला नुसती भेग गेली. मावशीनं अंगठा घालून बघितलं. आत पांढरं, घट्ट, गुळगुळीत अंडं होतं. नीट उकडलेलं.

मी आईकडे बघितलं, आणि माझ्या लक्षात आलं. आईनं सामानाच्या गडबडीत थर्मास रात्रीच भरून ठेवला होता आणि पाणी कोमट करायचं विसरून उकळतंच ओतलं होतं.

तव्यावर तेल तडतडत होतं. कुणीही बोलत नव्हतं, म्हणून अर्थात आई बोलली.

"उकाडा किती आहे हल्ली!" ती म्हणाली. "बिचाऱ्या जनावराला आतल्या आत..."

"शूः," मावशी म्हणाली.

तिनं गॅस बंद केला. खुर्ची ओढून बसली, सावकाश सगळं टरफल काढलं, अंड्याचे तीन भाग केले, मीठ भुरभुरवलं आणि एकेक भाग आमच्यापुढे सरकवला.

"रोज पहाटे माझ्या फाटकाची कडी वाजते," ती म्हणाली. "मग कुणीतरी 'अगंबाई' म्हणतं. मग एक बाई आणि सात बदकं एकमेकांना गप्प करतात. मी पलंगावर उठून बसलेली असते. मला आधी वाटलं, आज सांगेल. मग वाटलं, उद्या सांगेल. तू जन्मात एक तासभर गुपित ठेवलं नाहीस. याच वेळी कुठून आलं गं हे शहाणपण?"

"तुला माहीत होतं?" आई म्हणाली. "मग ते नर आहेत हेही..."

"पुस्तक माझ्याकडे आहे," मावशी म्हणाली. "पुढचं प्रकरण उशिरा वाचलं, एवढंच. पैजेच्या कितीतरी आधी वाचलं."

आईला कळायला थोडा वेळ लागला. मला तिच्याही नंतर कळलं. पैजेच्या आधी! म्हणजे ती खुराड्यात शिरून अंडं शोधत नव्हती. चुकून कुठून एखादं आलं तर नाही ना, याची खात्री करत होती. आणि ते सुस्कारे सुटकेचे होते!

"जन्मात एकदा पैज लावली," मावशी म्हणाली, "तीही हरायला. म्हटलं, माझा शब्द राहील, तुझाही राहील, आणि तू आपली घरी येशील. तेवढंसुद्धा तू मला धड करू दिलं नाहीस. ते पहिलं अंडं घेऊन तुझ्या दारात आले, म्हटलं, आता तरी कबूल करशील, तर तू अभिनंदन केलंस!"

"सरळ 'ये' म्हणायला काय झालं होतं तुला?" आई ओरडली.

"सरळ आली असतीस?"

  आईनं समोरचं अंडं तोंडात घातलं आणि ती रडायला लागली, आणि रडताना तोंडात अंडं असल्यामुळे पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला नाही. मावशीनं तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथेच होता.

मग भांडण झालंच. पैज कोण हरलं? मावशीचं म्हणणं, खुराड्यात अंडं आलं ते तिच्या बदकांचं नव्हतं, म्हणजे ती हरली. आईचं म्हणणं, अट 'खुराड्यात अंडं' अशीच होती, म्हणजे हरली ती आईच. दोघी हरण्यासाठी इतक्या जिद्दीनं भांडल्या की दुपारची गाडी निघून गेली. गाडी चुकल्याचं तिघींच्याही लक्षात आलं नाही. आईच्या आयुष्यात चुकलेली ती पहिली गाडी.

संध्याकाळी सामान मागच्या खोलीत आलं, आणि टोपलीत बसून, रस्त्यातल्या प्रत्येकाला आपली खबर देत, पाच बिघडलेल्याही परत आल्या. पाच बायका आणि सात नवरे हा हिशेब मात्र पहिल्याच दिवशी हाणामारीवर गेला. मग चार शहाणे वन्संकडे पाठवून दिले. त्यांचं परस मोठं आहे, त्यांनाही सोबत झाली.

परवा सकाळी मी दुकानात जाताना कुंपणाशी थांबले. नऊ वाजायचे होते. मावशी खुराड्यात अर्धी आत होती. ती उलटी उलटी बाहेर आली. तिच्या हातात अंडं होतं, चिखलानं बरबटलेलं, आणि ते तिनं गालाला लावून बघितलं. मग ती मागच्या खोलीकडे वळली आणि तिनं असा आवाज काढला की शिंप्याचं मशीन थांबलं, पोस्टमन सायकलवरून उतरला आणि मी माझ्या मावशीचा खरा आवाज जन्मात पहिल्यांदा ऐकला.

"अगं ए! ऊठ! गरम आहे! अंडं गरम आहे!"

मागच्या खोलीची खिडकी किलकिली झाली. आतून आईचा झोपाळू आवाज आला.

"शूः!"